पिकअप कोणती चांगली?

तुमच्यापैकी कोणी पुण्याला आलात, तर पहाटे पाचच्या सुमारास स्वारगेटच्या चौकात दहा मिनिटे उभे राहून पाहा. एस.टी.च्या गाड्यांची वर्दळ नंतर वाढते. त्याआधी दिसतात ते गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे निघालेले टेम्पो आणि पिकअप. कुणात कांद्याच्या गोण्या, कुणात वाटाणा, कुणात फुलांच्या करंड्या. जमिनीखाली मेट्रोचे स्थानक २०२४ साली सुरू झाले, पण वरचा हा रहाटगाडगा होता तसाच आहे.

'टेम्पो' हा शब्द आपण मराठीच समजतो. तो खरे तर जर्मनीतील हांबुर्गच्या एका कारखान्याचे नाव. त्या कारखान्याच्या सहकार्याने १९५८ च्या सुमारास बजाज टेम्पो ही कंपनी सुरू झाली. तिच्या तीनचाकी मालगाड्या रस्त्यावर आल्या, आणि पुढे कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी दिसली की लोक तिला टेम्पोच म्हणू लागले. १९८० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने बनलेल्या हलक्या मालमोटारी भारतात आल्या. त्यांच्याशी टक्कर द्यायला टेल्कोने १९८६ साली '४०७' आणि १९८८ साली 'टाटामोबाइल' ही पिकअप काढली. २००५ साली 'एस', म्हणजे आपला 'छोटा हत्ती' आला. स्पर्धा आजही चालू आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटांनी 'योद्धा २.०' आणली, एप्रिल २०२३ मध्ये महिंद्रने 'बोलेरो मॅक्स पिकअप' ही नव्याने घडवलेली मालिका आणली, आणि दोघांनीही दोन टनांपर्यंत माल नेणारा नमुना बाजारात ठेवला.

आता माझ्यापुढे आलेला प्रश्न सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी आपल्या चुलत्यांना घेऊन सासवडहून आला. स्वारगेटच्या स्टँडबाहेर चहा घेत आम्ही बोललो. चुलत्यांना पिकअप घ्यायची होती. कर्ज मंजूर झाले होते. "सर, दोन गाड्या डोक्यात आहेत. मेस्त्री म्हणतो ही घ्या, ड्रायव्हर म्हणतो ती घ्या, शोरूमचा माणूस म्हणतो आमचा टॉर्क बघा. तुम्ही फिजिक्सवाले, तुम्ही सांगा."

मी गाडीची परीक्षा करणारा माणूस नव्हे. पण त्या तिघांच्या मतांमध्ये मला नववी-दहावीच्या पुस्तकातला एकेक धडा दिसला. मग आम्ही चहाच्या टेबलावरच गणिते मांडली. तीच तुमच्यापुढे ठेवतो.

आधी शोरूममधल्या माणसाचा मुद्दा घेऊ. योद्धा २.० चे इंजिन २.२ लिटरचे, सुमारे १०० अश्वशक्तीचे, आणि त्याचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर. बोलेरो मॅक्सच्या मोठ्या नमुन्याचे इंजिन २.५ लिटरचे, सुमारे ८० अश्वशक्तीचे (५९.७ किलोवॉट), टॉर्क २२० न्यूटन-मीटर. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. पान्याचा दांडा जितका लांब तितका नट सहज फिरतो, तो बल गुणिले अंतर हा गुणाकार. आकडे पाहून कुणीही म्हणेल, पहिली गाडी सरस. पण लागते किती ते आधी काढू.

सोयीसाठी रिकामी गाडी १८०० किलोग्रॅम आणि माल २००० किलोग्रॅम धरू. एकूण ३८००. रस्ता २० मीटर गेल्यावर १ मीटर चढतो असे माना. चढावर गाडीला मागे खेचणारे बल म्हणजे वजनाचा विसावा भाग: ३८०० × ९.८ ÷ २० = १८६२ न्यूटन. टायर रस्त्यावर लोळताना होणारा विरोध वजनाच्या सुमारे दीड टक्का धरला तर ५५९ न्यूटन. बेरीज सुमारे २४२० न्यूटन. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने हा चढ चढायला लागणारी शक्ती २४२० × १० = २४,२०० वॉट, सुमारे २४ किलोवॉट. हवेचा विरोध या वेगाला थोडाच असतो, तो सोडून देऊ.

म्हणजे ८० अश्वशक्तीच्या इंजिनातलीही निम्म्याहून कमी शक्ती खर्च झाली. शंभरवाल्या गाडीला घाटात पुढचे वाहन ओलांडणे सोपे जाईल, एखाद्या फार उभ्या चढावर गिअर कमी बदलावा लागेल. हा फायदा खोटा नाही. पण माल नेता येणे आणि न येणे एवढा तो मोठा नाही.

इथे मी चुलत्यांना एक साधा प्रश्न विचारला. "भरलेली गाडी तुमची घाट चढणार की उतरणार?"

ते क्षणभर थांबले. सासवडचे पठार पुण्याहून उंच. कांदा, वाटाणा, सीताफळ सासवडकडून निघते आणि दिवे घाट किंवा बोपदेव घाट उतरून पुण्यात येते. परतताना गाडी जवळजवळ रिकामी. रिकाम्या गाडीला तोच चढ त्याच वेगाने चढायला साडेअकरा किलोवॉट पुरतात. हिशेब तुम्हीच करून पाहा. ज्या गुणाची जाहिरात होत होती त्याची या गृहस्थांना सर्वांत कमी गरज होती! पुण्याहून माल भरून साताऱ्याकडे जाणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याला चढ भरल्या गाडीने चढायचा असतो.

आता ड्रायव्हरचे मत. तो म्हणाला होता, "जिचा हौदा लांब ती घ्या, एका खेपेत जास्त माल बसतो." बोलेरो मॅक्सचा सर्वांत लांब हौदा ३०५० मिलिमीटरचा, म्हणजे तीन मीटरला थोडा वर. पण नुसती लांबी पाहून भागत नाही. तो हौदा मागच्या आसाच्या कोणत्या बाजूला किती आहे, ते पाहावे लागते.

पट्टीवर प्रयोग करा. तीस सेंटिमीटरची पट्टी, शक्य तर लोखंडी, दोन पेन्सिलींवर आडवी ठेवा. एक पेन्सिल ५ च्या खुणेखाली, दुसरी २० च्या खुणेखाली. पेन्सिली घरंगळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना थोडा मेणाचा किंवा कणकेचा आधार द्या. ही झाली गाडी: ५ वर पुढची चाके, २० वर मागची. आता सारखी नाणी एकावर एक २८ च्या खुणेवर ठेवत जा. काही नाण्यांनंतर पुढचे टोक उचलले जाईल. पट्टीचे वजन १५ च्या खुणेशी, म्हणजे मागच्या टेकूपासून ५ सेंटिमीटरवर. नाणी त्याच टेकूपासून ८ सेंटिमीटरवर. दोन परिबले समान झाली की तोल जातो. म्हणून पट्टीचे वजन = नाण्यांचे वजन × ८ ÷ ५. नाण्यांचे वजन माहीत असेल तर तराजूशिवाय पट्टीचे वजन निघाले, हा वरचा लाभ. हीच नाणी १८ च्या खुणेवर रचा. कितीही रचा, पट्टी उचलणार नाही.

गाडीत काय होते? पुढच्या आणि मागच्या आसांतील अंतर ३ मीटर धरू. हौदा ३ मीटर लांब, त्यातला १.७ मीटर मागच्या आसाच्या पुढे आणि १.३ मीटर मागे. (गाडीगणिक हे आकडे बदलतील, टेप घेऊन मोजावेत.) रिकाम्या गाडीचे ९५० किलोग्रॅम पुढच्या चाकांवर आणि ८५० मागच्या चाकांवर समजा. दोन टन माल हौद्यात सगळीकडे सारखा पसरला तर त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ०.२ मीटर पुढे येतो. पुढच्या चाकांवर २००० × ०.२ ÷ ३ = १३३ किलोग्रॅमची भर पडते. ठीक आहे.

आता फक्त एक टन माल आहे, पन्नास किलोच्या वीस गोण्या. उतरवायला सोपे म्हणून हमालाने त्या हौद्याच्या मागच्या अर्ध्यातच रचल्या. गुरुत्वमध्य आसाच्या ०.५५ मीटर मागे गेला. पुढच्या चाकांवरून १८३ किलोग्रॅम कमी झाले, ९५० चे ७६७ उरले. स्टिअरिंग हलके लागू लागते. ड्रायव्हरला ते सुखाचे वाटते, पण त्याचा अर्थ पुढच्या टायरची रस्त्यावरची पकड कमी झाली, वळणावर गाडी सांगितलेले ऐकणार नाही. निम्मा माल, पण पूर्ण मालापेक्षा धोका अधिक! जुन्या मॅटाडोरची तर पुढचीच चाके गाडी ओढत. मागे माल लादून चढावर गेले की ती चाके हलकी होऊन जागच्या जागी फिरण्याचे कारणही हेच. आजच्या या दोन्ही गाड्या मागच्या चाकांनी ढकलल्या जातात, त्यामुळे भरल्यावर चढावर पकड उलट वाढते.

म्हणजे लांब हौदा वाईट का? मुळीच नाही. वाढलेली लांबी आसाच्या पुढे असेल तर चांगलीच. ती नुसती मागे लोंबत असेल, तर ती मोकळी जागा म्हणजे चुकीचे भरायला मिळालेले निमंत्रण आहे.

आता उताराकडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथेच आहे.

भरलेली गाडी घाटात २०० मीटर खाली उतरते असे धरू. तिची स्थितिज ऊर्जा ३८०० × ९.८ × २०० = सुमारे ७४ लाख ४८ हजार जूल इतकी कमी होते. ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तुम्ही पाठ केले आहे. मग ती जाते कुठे? चढाचे जे प्रमाण आपण धरले त्यानुसार रस्ता ४ किलोमीटरचा होतो. टायरचा ५५९ न्यूटनचा विरोध त्यातले सुमारे २२ लाख जूल घेतो. वेग वाढू द्यायचा नसेल तर उरलेले ५२ लाख जूल ब्रेकनी उष्णतेच्या रूपात घ्यावे लागतात. एवढ्या उष्णतेत पंधरा लिटर थंड पाण्याला उकळी येईल!

ब्रेकचे ड्रम आणि चकत्या मिळून ४० किलोग्रॅम लोखंड धरा. लोखंडाचा विशिष्ट उष्मा ४६० जूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश. ५२ लाखांना ४० × ४६० ने भागले की तापमानातली वाढ सुमारे २८३ अंश सेल्सिअस येते. वारा काही उष्णता काढून नेतो हे खरे, पण घासणारा पृष्ठभाग या सरासरीहून पुष्कळ जास्त तापतो. तापलेल्या लायनिंगचे घर्षण घटते. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. 'डॉट ३' जातीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनांक किमान २०५ अंश असावा लागतो, पण पाणी शोषलेल्या त्याच ऑइलसाठी तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पास्कलचा नियम द्रवासाठी आपण वापरतो तो द्रव जवळजवळ दाबला जात नाही म्हणून. वाफ मात्र सहज दाबली जाते. पेडल थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही.

म्हणून घाटात गाडी गिअरमध्ये ठेवायची. दुसऱ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ११ फेरे होतात असे धरा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचा स्वतःचा विरोध ४० न्यूटन-मीटर असेल, तर चाकांपाशी तो ४४० होतो. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर, म्हणून रस्त्यावर मागे ओढणारे बल सुमारे १२५० न्यूटन. आणि ब्रेकना लागणार होते १८६२ वजा ५५९, म्हणजे सुमारे १३०० न्यूटन! ब्रेकचे जवळजवळ सगळे काम इंजिनाने फुकट केले. काही चालक डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर असे करू नका, हे चालकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. गंमत अशी की डिझेलही वाचत नाही. आजची संगणकावर चालणारी इंजिने गिअरमध्ये उतरताना इंधन बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे थोडे इंधन जळतच राहते.

राहिला मेस्त्री. तो म्हणाला होता, "गाडी कोणतीही घ्या, मागे एक पाटा वाढवून देतो, तीन टन जातील." पाटा वाढवला की गाडी तीन टनांखाली बसणार नाही, एवढे खरे. पण पाटा वाढवल्याने ब्रेकचे लोखंड वाढते का? टायर बदलतो का? एकूण वजन ४८०० झाले की त्याच घाटात वरची २८३ अंशांची वाढ ३५७ अंशांवर जाते. पाटा जाड केल्याने फक्त एक होते: गाडी खाली बसून जी सूचना देत होती ती बंद होते. माझ्या मते हा सल्ला तिघांतला सर्वांत महागात पडणारा.

चुलत्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग गाडी कोणती घेऊ?" मी म्हटले, "दोन्ही दोन टनांच्याच आहेत. टेप घेऊन जा आणि आस व हौदा मोजा. आर.सी. बुकात भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन असते, त्यांची वजाबाकी करा. आणि दुरुस्ती सासवडला होते का ते विचारा."

त्यांनी कोणती घेतली ते इथे लिहीत नाही, नाहीतर तुम्ही तीच चांगली समजाल. परवा ते मार्केट यार्डात भेटले. गाडीच्या हौद्यात मागच्या आसाच्या रेषेवर त्यांनी तांबड्या रंगाचा पट्टा ओढून घेतला आहे. हमाल विचारतात, "हे काय?" ते म्हणतात, "गोण्या या रेघेच्या पुढून लावायला सुरुवात करायची."