भारुडातील रूपक

भारूड ऐकताना श्रोता हसतो, आणि त्याने हसावे अशीच त्याची रचना असते. मात्र हसून तो तेथेच थांबला, तर नाथमहाराजांच्या सांगण्याचा गाभा त्याच्या हाती लागत नाही.

मुख चंद्रासारखे आहे, असे म्हटले की उपमा होते. मुख हाच चंद्र म्हटले की रूपक. हे एकरूपत्व अंगोपांगांसह विस्तारले म्हणजे त्यास सांगरूपक म्हणतात. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे आहेत. अकराव्या शतकातील कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदय’ नाटकात तर विवेक व मोह हीच पात्रे होऊन रंगभूमीवर येतात.

पैठणच्या संत एकनाथांनी (इ. स. १५३३ ते १५९९) रूपकासाठी रथ व राजे शोधले नाहीत. दारी येणारा वासुदेव, भविष्य सांगणारा जोशी, जोगवा मागणारी भक्तीण, हीच त्यांची सामग्री. जोगव्याच्या भारुडात नवविधा भक्ती हेच नवरात्र आणि बोध हीच परडी होते. जिने स्वतः परडी हाती धरली आहे, तिला हा अर्थ शास्त्र्याने समजावून द्यावा लागत नाही.

विंचवाच्या भारुडाचे सामर्थ्य याच ओळखीत आहे. दंश झाला की घाम सुटतो, वेदना चढत जाते, जीव कासावीस होतो; शेतात राबणाऱ्या श्रोत्याला हे ऐकीव नसते. (खऱ्या दंशावर अर्थातच विनाविलंब वैद्यकीय उपचार घ्यावेत.) तो विंचू म्हणजे काम व क्रोध, अंगावरचा घाम म्हणजे तमोगुण, असे कळताच दुसऱ्याच्या तडफडीला हसणारा स्वतःच्या अंगाकडे पाहू लागतो. रागाच्या भरात घरात बोललेला एखादा शब्द त्यास आठवतो. बाहेरचा विंचू असा खरा नसता, तर आतल्या विंचवाचा दंश कोणास जाणवलाच नसता. म्हणूनच केवळ तत्त्वार्थ सांगून मोकळे होणारे निरूपण भारुडाला न्याय देत नाही; विंचू आधी चावलाच पाहिजे.

यावर उतारा सत्त्वगुणाचा सांगितला आहे. तो अंगाऱ्यासारखा लावावयाचा, म्हणजे विष झरझर उतरते. तरीही थोडी फुणफुण उरतेच, हे नाथ लपवीत नाहीत. ती शमविण्याचे श्रेय ते आपल्या सद्गुरूंना, देवगिरीच्या जनार्दनस्वामींना देतात.