शाळेतील मदतपेटी आणि मुलांची श्रद्धा



प्रायश्चित्तकाळ असो, ऑक्टोबरमधील मिशन रविवार असो की नाताळ, आपल्या कॅथलिक शाळांतील मुले दप्तरातून एक रिकामे पाकीट घरी आणतात. कधी रॅफलच्या तिकिटांचे पुस्तक येते, कधी खाऊच्या स्टॉलची चिठ्ठी. आईवडील पाकिटात नोट घालतात, मूल ते शाळेत नेऊन देते आणि विषय संपतो. निधी जमतो, गरजूंपर्यंत पोहोचतो. ते चांगलेच आहे. पण ख्रिस्ती शाळेत या कामाला आणखी एक हेतू असतो. मुलाने देणे शिकावे, आणि देता देता देवाच्या जवळ यावे. तो हेतू साधतो का, याचा विचार आज आपण मिळून करू या.

१. संत पौलाने वर्गणी कशी गोळा केली?

निधी गोळा करणे हे ख्रिस्तसभेत आज सुरू झालेले काम नाही. येरुशलेममधील बांधव हलाखीत होते, तेव्हा संत पौलाने दूरदूरच्या मंडळ्यांतून त्यांच्यासाठी वर्गणी जमवली. करिंथच्या लोकांना लिहिलेल्या दोन्ही पत्रांत त्याची पद्धत दिसते (१ करिंथ १६:१-४, २ करिंथ ८ व ९). तिच्यात चार गोष्टी आहेत.

पहिली, दर आठवड्याला थोडे थोडे बाजूला ठेवायचे. ऐन वेळी धावाधाव करायची नाही. दुसरी, ज्याची जशी मिळकत तसे त्याचे दान. सर्वांना एकच आकडा नाही. तिसरी, जे द्यायचे ते मनापासून, कुणाच्या दडपणाखाली नाही. चौथी, पैसे नेण्यासाठी मंडळ्यांनीच निवडलेली विश्वासू माणसे सोबत घ्यायची, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. पौल स्वतः प्रेषित होता. तरी 'माझ्यावर विश्वास ठेवा' एवढे म्हणून तो थांबला नाही.

मासेदोनियातील मंडळ्या स्वतः गरीब होत्या. त्यांच्याविषयी पौल सांगतो की त्यांनी आधी स्वतःला प्रभूला दिले आणि मग पैसा दिला. श्रद्धा आणि मदतनिधी यांचे नाते त्याच्या या सांगण्यात आहे.

२. लियाँचे विणकर कामगार

मिशन रविवारी आपण जी वर्गणी देतो, तिचे मूळ एका कापडनगरीत आहे. फ्रान्समधील लियाँ हे रेशमी कापडाचे शहर. मागावर नक्षी उठवणारे जे जेकार्ड आपल्याकडचे विणकर ओळखतात, ते लियाँच्याच जोसेफ जाकार यांच्या नावाने चालते. तिथेही मागावर राबणाऱ्यांचे हाल होते. १८३१ मध्ये मजुरीचे दर बांधून मिळावेत म्हणून लियाँचे रेशीम विणकर रस्त्यावर उतरले होते. पिकावर आणि मीटरवर मजुरीचा हिशेब करणाऱ्या इचलकरंजीकरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

याच शहरात १७९९ मध्ये रेशीम व्यापाऱ्याच्या घरात पोलीन जारिको यांचा जन्म झाला. मिशनकार्याला मदत करावी म्हणून त्यांनी रेशीम कारखान्यातील कामगार मुलींना एकत्र केले. दहा जणांचा एक गट. प्रत्येकाने आठवड्याला एक 'सू' द्यायचा. असे वीस सू झाले की एक फ्रँक होई, इतके ते नाणे लहान. दहांचा प्रमुख ते पैसे शंभरांच्या प्रमुखाकडे देई आणि तो हजारांच्या प्रमुखाकडे. नाण्याच्या जोडीला रोज एक 'हे आमच्या स्वर्गीय बापा', एक 'नमो मरिया' आणि संत फ्रान्सिस झेवियर यांच्याकडे एक लहानशी विनवणी असे. ज्या संताचे शरीर जुन्या गोव्यात आहे, त्याच्याच आधाराने लियाँच्या कामगार मुली जगासाठी प्रार्थना करीत होत्या.

यातूनच ३ मे १८२२ रोजी श्रद्धाप्रसाराची संस्था उभी राहिली. बरोबर शंभर वर्षांनी, १९२२ मध्ये, पोप अकरावे पायस यांनी तिला पोपच्या अधिपत्याखालील संस्थेचा दर्जा दिला. १९२६ मध्ये जगभर मिशन रविवार पाळण्याचे ठरवण्यात आले. नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बे-जान्सो यांनी जारिको यांच्याशी विचारविनिमय करून १८४३ मध्ये मुलांसाठीही अशीच संस्था सुरू केली. मुलांनी मुलांना मदत करायची: रोज एक लहान प्रार्थना आणि महिन्याला एक सू. आज आपल्या शाळांत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांत 'होली चाइल्डहूड' नावाने जे चालते, त्याची सुरुवात ही आहे.

जारिको यांच्या आयुष्याचा उत्तरार्धही आपण लक्षात ठेवावा. कामगारांना माणुसकीने वागवणारा एक कारखाना उभारण्यासाठी त्यांनी स्वतःचा व इतरांचा पैसा गुंतवला. ज्यांच्या हाती व्यवहार सोपवला त्यांनी फसवले. पुढची वर्षे लोकांचे पैसे फेडण्यात गेली आणि १८६२ मध्ये त्या अत्यंत गरिबीत वारल्या. २२ मे २०२२ रोजी लियाँ येथे त्यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. त्यांची पवित्रता निःसंशय आहे. पण हेतू कितीही शुद्ध असला तरी व्यवहारावर नजर ठेवावीच लागते, हा धडाही त्यांच्याच आयुष्यातून मिळतो.

३. आपल्या शेजारच्या कुंभोजचा धडा

इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. इचलकरंजी ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कुंभोज येथे १८८७ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. जैन घराण्यातील या माणसाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंगतीत आणले. मुलांना जेवू घालायला पैसा नव्हता, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही विकले.

रयतच्या कामात 'मुष्टिफंड' ही एक मोठी शक्ती होती. स्वयंपाकाला धान्य काढताना घरातल्या बाईने एक मूठ बाजूला ठेवायची आणि ते धान्य शाळेच्या मुलांसाठी जायचे. मूठभर धान्य द्यायला श्रीमंत असावे लागत नाही, आणि एका मुठीने कुणाचे घर मोठे किंवा लहान ठरत नाही. शिवाय ती रोज काढायची असल्यामुळे देण्याची आठवणही रोज राहते. आठवड्याचा सू आणि रोजची मूठ या दोन्हींतून संत पौलाची रीतच आपल्याला दिसते.

४. आपले कुठे चुकते?

आता आपल्या पाकिटाकडे येऊ या. आपल्या शाळांत मागमालकाची मुले आहेत, दुकानदाराची आहेत आणि रात्रपाळी करणाऱ्या कामगाराचीही आहेत. बाजारात मंदी आली की माग बंद राहतात आणि आठवड्याचा पगार अर्धा होतो. अशा आठवड्यात शंभराची नोट मागितली गेली, तर त्या घरात काय होते? आई उसने पैसे आणते, किंवा मूल शाळा बुडवते. वर्गात फळ्यावर नावापुढे रक्कम लिहिली, सर्वांत जास्त तिकिटे खपवणाऱ्याला बक्षीस दिले, की ज्याने काही आणले नाही त्याची मान खाली जाते. गरिबांसाठी केलेल्या वर्गणीत आपल्याच वर्गातले गरीब मूल दुखावले जाते. याहून मोठा तोटा कोणत्याही निधीने भरून निघणार नाही.

बक्षीस मिळवणाऱ्या मुलाचेही नुकसान होते. त्याने स्वतःचे काहीच दिलेले नसते. वडिलांच्या ओळखीने तिकिटे खपलेली असतात. पण दान म्हणजे टाळ्या, असे त्याच्या मनात बसते. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू देऊ नये, ही प्रभू येशूची शिकवण (मत्तय ६:१-४) तो प्रार्थनेच्या तासाला पाठ करतो आणि पुढच्या तासाला उलटे शिकतो. मंदिराच्या दानपेटीसमोर बसलेल्या प्रभूने मोठ्या रकमा टाकणाऱ्यांना नव्हे, तर दोन क्षुल्लक नाणी टाकणाऱ्या विधवेला नावाजले (मार्क १२:४१-४४). तिने आपल्या गरजेतून दिले होते.

संत व्हिन्सेंट डी पॉल संघाकडे यावर एक जुना उपाय आहे. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी हा संघ काढला, तेव्हा ओझानाम अवघे वीस वर्षांचे होते. त्यांच्या सभेत एक पिशवी सर्वांपुढून फिरते. प्रत्येक जण हात आत घालतो. कोणी किती टाकले ते दिसत नाही. ज्याच्याकडे काही नसेल, त्याचाही हात पिशवीत जातो. शाळेच्या वर्गातही अशी पिशवी सहज फिरू शकेल.

५. प्रार्थनेचे बोलावणे असावे, सक्ती नसावी

आपल्या शाळांतील बहुतेक मुले ख्रिस्ती नाहीत. भारतीय राज्यघटनेच्या ३०व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर २८व्या अनुच्छेदानुसार शासनमान्य शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्याला, तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. ही अट आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध नाही. प्रेमाला सक्ती मानवत नाही हे आपणच शिकवतो.

मग श्रद्धा दिसावी कशी? कोलकात्याच्या एंटाली येथील सेंट मेरीज शाळेत मदर तेरेजा शिकवत होत्या, मुख्याध्यापिकाही होत्या. बेल्जियमचे येशूसंघीय फादर ज्युलियन हेन्री तिथल्या मुलींच्या सोडॅलिटीला मार्गदर्शन करीत. या मुली आधी प्रार्थना करीत आणि मग शाळेच्या भिंतीपलीकडच्या मोतीझील वस्तीत व इस्पितळात गरिबांना भेटायला जात. पुढे मदर तेरेजांनी नवे काम सुरू केले तेव्हा त्यांना येऊन मिळालेल्या पहिल्या तरुणी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीच होत्या.

१९७९ मध्ये नोबेल पुरस्काराच्या भाषणात मदर तेरेजांनी चार वर्षांच्या एका हिंदू मुलाची गोष्ट सांगितली. कोलकात्यात साखर मिळत नव्हती. त्या मुलाने घरी सांगितले की तो तीन दिवस साखर खाणार नाही. ती साखर मदरच्या मुलांना द्यायची. त्याला कोणी धर्म बदलायला सांगितले नाही, तिकिटे खपवायला सांगितले नाही. त्याने आपल्या वाट्याचे दिले. प्रायश्चित्तकाळाचा अर्थ याहून वेगळा नाही. दुसऱ्या शतकातील 'हर्मसचा मेंढपाळ' या ग्रंथातही हेच सांगितले आहे: उपवासाच्या दिवशी आपल्या जेवणाचा खर्च मोजावा आणि तो विधवेला, अनाथाला द्यावा.

६. हिशेब हाही धर्माचा भाग

ख्रिस्तसभेचा १९८३ चा कायदा याबाबत स्पष्ट आहे. ज्या कारणासाठी दान दिले, त्याच कारणासाठी ते वापरायचे (कलम १२६७). भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायचा (कलम १२८७). पूरग्रस्तांसाठी जमवलेल्या पैशातून शाळेचा पंखाही घेता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरात आपल्या भागाने मदत घेतलीही आणि दिलीही. मदत वेळेवर आणि नेमक्या घरी पोहोचणे किती मोलाचे असते, हे आपण जाणतो. मुलांनाही त्यांच्या पैशाचे काय झाले ते कळले पाहिजे. एवढे जमले, एवढ्याच्या वह्या घेतल्या, अमुक वस्तीत दिल्या: सूचनाफलकावर इतके लिहिले तरी प्रामाणिकपणाचा एक पाठ होतो.

७. आपण काय करू शकतो?

पालकांनी: पाकिटात आपली नोट घालू नये. मुलाला विचारावे, 'तू या आठवड्यात काय सोडशील?' एक वडापाव, एक चॉकलेट, एक रिचार्ज. जेवढे वाचेल तेवढेच पाकिटात जाऊ द्यावे. पैसे नसतील तर मूठभर तांदूळ, जुन्या वह्यांतील कोरी पाने शिवून केलेली वही किंवा धाकट्या मुलाचा अभ्यास घेण्यासाठी एक तास, हेही दानच आहे.

शिक्षकांनी: रक्कम ठरवू नये, नावे लिहू नयेत, बक्षीस देऊ नये. मदत कोणाला जाणार ते आधी सांगावे. मोजणी दोन-तीन जणांनी मिळून करावी, त्यात एक पालक असावा.

धर्मग्रामाने: कॅरितास इंडियाची प्रायश्चित्तकाळातील मोहीम आणि मिशन रविवार यांआधी मुलांना त्यांचा अर्थ समजावून सांगावा. नंतर मिस्साच्या वेळी हिशेब जाहीर करावा.

अशा पद्धतीने पहिल्या वर्षी कदाचित कमी पैसे जमतील. ते आपण आनंदाने स्वीकारू या. आज स्वतःच्या वाट्यातले द्यायला शिकलेले मूल उद्या मोठे होईल, कमावेल, आणि कोणी पाकीट न देताही शेजाऱ्याच्या दारात उभे राहील.

घरी व समूहात चर्चेसाठी

१. गेल्या वेळी आमच्या मुलाने शाळेत दिलेले दान खरोखर कोणाचे होते?
२. आमच्या गल्लीत सध्या कोणाचे माग बंद आहेत? त्या घरातील मुलांना कशाची गरज आहे?
३. २ करिंथ ८:१-१५ वाचा. संत पौलाची कोणती सूचना आपण या महिन्यात अमलात आणू शकू?

प्रार्थना: हे प्रभो, विधवेची दोन नाणी तू पाहिलीस. आमच्या मुलांचे लहान हातही तू पाहा. त्यांना उघडे ठेव, आणि आम्हाला त्यांच्यासमोर प्रामाणिक ठेव. आमेन.