घरी काय विचारायचं, ते सांग

तुझे पेढे पोचले. तिसरीचा वर्ग मिळाला, तोही बागायती पट्ट्यात; म्हणजे पालक सहसा भेटायचे नाहीत, हे धरूनच चाल. त्यांना लेकरांची काळजी नाही असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. पहाटे धार काढायची, दूध डेअरीवर घालायचं, मग ऊस नाहीतर डाळिंब. नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटलं की आपली पाळी रात्री बाराला आली तरी दारं धरायला जावंच लागतं. बारामतीच्या एमआयडीसीत जाणाऱ्या बापाची शिफ्ट वेगळीच. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात खरे, पण बैठकीत बोलणं होतं ते पत्र्याचं आणि शौचालयाच्या दाराचं. माझं पोरगं वाचायला लागलं का, हे तिथं कुणी विचारत नाही. ते तू दर शनिवारी आपणहून कळवायचं.

आता कळवायचं कसं, ते नीट ऐक. 'या आठवड्यात मापन हा घटक पूर्ण झाला' असं पाठवलंस तर ते तुझ्या टाचणवहीसाठी ठीक आहे. आईला त्याचा काही उपयोग नाही. त्याऐवजी सांग, 'आज डेअरीची पावती लेकीच्या हातात द्या. किती लिटर घातलं आणि किती रुपये झाले, तिच्याकडून वाचून घ्या.' फॅटचा आकडा सोडून दे, दशांश तिसरीला जड जातो. आईला स्वतःला वाचता येत नसलं तरी पावती रोजची असते, पोरगी बरोबर वाचते की थापा मारते हे तिला लगेच कळतं. आपण काय शिकवलं याचा पाढा वाचू नये, घरी काय विचारायचं ते सांगावं. माझ्या सगळ्या नोकरीचं सार एवढंच आहे, बाकीच्या सगळ्या वरच्या गोष्टी.

शाळेत बालबाजार भरवलास तर फोटो टाकशीलच. पण मेथीच्या जुडीमागे हसणारी तीच तीन गोरीगोमटी पोरं दर वेळी दिसू लागली की वस्तीवरच्या बायका तोंडावर बोलत नाहीत, मनात मात्र नोंद ठेवतात. कुणाचा फोटो कधी गेला, याच्या खुणा हजेरीच्या मागच्या पानावर करत जा. महिन्यात प्रत्येकाची पाळी आली पाहिजे, शेंबड्याचीसुद्धा.

एक चूक माझी सांगते. इंदापूर तालुक्यात एका वस्तीवर असताना मी दाराशेजारच्या फळ्यावर 'अजून जोडाक्षरे न येणारी मुले' म्हणून नावं लिहिली होती. वाटलं, पालक जागे होतील. एका मुलाची आई शेजारणीच्या तोंडून ते ऐकून आली, काही न बोलता पोराचं दप्तर उचललं आणि निघून गेली. आठ दिवस पोरगं शाळेत नव्हतं. शेवटी मी तिच्या गोठ्यावर गेले तेव्हा ती शेण भरत होती, थांबली नाही. मीही तिथंच उभी राहून बोलले. तेव्हापासून उणं असेल ते एकटीला, तोंडानं सांगायचं. फळ्यावर आणि व्हॉट्सॲपवर फक्त पोराला आलं ते.

व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहू नकोस. फोन बहुतेक बापाच्या खिशात असतो आणि बाप रानात. रात्री साडेआठनंतर, दुधाचं आणि जेवणाचं आटोपलं की मिनिटभराचा आवाज पाठव. तुझ्या आवाजात पोराचं नाव आलं की आजीसुद्धा फोन कानाला लावते. गणवेशाच्या मापाचं, आधार कार्डाचं, बँक खात्याचं वेगळ्या दिवशी कळव. नाहीतर तुझा आवाज वाजला की घरी 'आता काय कागद मागतायत' एवढंच म्हणतील.

शाळा सुरू होऊन थोडे दिवस होतात न होतात तोच आषाढात तुकोबांची पालखी येते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला घोड्यांचं. त्या दिवशी हजेरी पडणारच, रागावू नकोस. आदल्या शनिवारी सांगून ठेव, 'दिंडीत माणसं मोजून या, सोमवारी विचारणार आहे.' पोरं शंभराच्या पुढं कधी जातात, ते बघ.

दिवाळीनंतरचं खरं अवघड. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, सगळ्या कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीडकडून ऊसतोड कामगार कोप्या बांधून राहतात. त्यांची पोरं तुझ्या वर्गात मध्येच येतील, मध्येच जातील. त्यांच्या आईबापांना आवाज पाठवून भागत नाही. ती माणसं पहाटे फडात जातात, फोनला रेंज असेल तर रिचार्ज नसतो. संध्याकाळी चूल पेटलेली असते त्या वेळी कोपीवर जा. पाच मिनिटं बस. पोराला त्यांच्यासमोर वाचायला लाव. कारखान्याच्या वजनाची पावती घरात असली तर तीच पुढं कर, तुझ्या पुस्तकापेक्षा ती त्यांच्या जास्त ओळखीची.

ती पोरं मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपून पट्टा पडला की गावी परततात. जाताना शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतंच. त्यासोबत एका कागदावर चार ओळी जास्तीच्या लिही: कोणती अक्षरं येतात, पाढे कुठपर्यंत, कशाला घाबरतं, कशाला खुलतं. पुढच्या गुरुजींना पोर पुन्हा पहिल्यापासून चाचपावं लागणार नाही. तो कागद आईच्या हातात दे, घडी करून, आणि आत काय लिहिलंय ते तिला वाचून दाखव.

पहिला निरोप या शनिवारीच पाठव. आणि पाठवायच्या आधी मला ऐकव, मी घरीच असते.