तान्ह्या बाळांची पुस्तके

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात आणि आसपासच्या गावांत तान्हा पोळा भरतो. लाकडी नंदीबैल सजवून मुले चौकात जमतात, घरोघर फिरतात आणि थोरामोठ्यांकडून बोजारा घेतात. ज्यांना अजून पाऊल टाकता येत नाही अशी बाळेही आईच्या किंवा आजोबांच्या कडेवर बसून या मेळ्यात सामील होतात. कासरा धरण्याचे बळ हातात येण्यापूर्वी कितीतरी वर्षे त्या हातात बैल दिला जातो. 'याला शेतीतले काय कळते?' असे तेथे कोणी विचारीत नाही. बैलाची माया आधी आणि नांगरटीचे ज्ञान नंतर, हा क्रम या भूमीने केव्हाच मान्य केला आहे.

पुस्तकाच्या बाबतीत मात्र आपण नेमका उलटा क्रम लावतो. आधी अक्षरओळख, मग पाठ्यपुस्तक आणि सवड राहिलीच तर गोष्टीचे पुस्तक. परिणामी, अनेक मुलांच्या हाती पहिले पुस्तक येते ते शाळेत, आणि तेही परीक्षेच्या धाकासह. पुस्तक ही आनंदाची वस्तू आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. ही ओळख वयाच्या पहिल्या वर्षातच करून देता येते, त्यासाठी फार खर्च लागत नाही आणि आईवडील निरक्षर असले तरी अडत नाही, एवढे तीन मुद्दे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहेत.

बाळ ऐकते केव्हापासून?

अभिमन्यूने मातेच्या उदरात असताना चक्रव्यूहाचा भेद ऐकला, ही कथा आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. चक्रव्यूहाचे राहू द्या. पण गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत बाळाला आवाज ऐकू येतो, हे शास्त्रानेही मान्य केले आहे. १९८६ मध्ये डीकॅस्पर आणि स्पेन्स या अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गरोदर स्त्रियांनी अखेरच्या सुमारे सहा आठवड्यांत एकच गोष्ट दररोज मोठ्याने वाचली. जन्मानंतर त्या बाळांना ती गोष्ट आणि एक नवी गोष्ट ऐकविण्यात आली. बाळाच्या चोखण्याच्या गतीनुसार कोणती गोष्ट वाजावी हे ठरत होते. बाळांनी परिचित गोष्ट अधिक पसंत केली. अर्थ त्यांना कळला नव्हता. परंतु वाक्यांचा ताल त्यांनी ओळखला होता.

दुसरा प्रयोग तर आपल्या भाषांना अगदी जवळचा आहे. १९८४ मध्ये वेर्कर आणि टीस या कॅनडातील संशोधकांनी इंग्रजी भाषक घरांतील बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' हे दोन ध्वनी ऐकविले. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना हा भेद सहजी कळत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना मात्र तो कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांच्या ठायी ही क्षमता मावळलेली दिसली, कारण त्यांच्या घरात ते ध्वनी कानी पडतच नव्हते. वर्षाचे होण्यापूर्वीच बाळ आपल्या घरची भाषा निवडून घेते, असा याचा अर्थ. म्हणूनच 'अजून बोलत नाही, त्याच्याशी काय बोलायचे?' असे म्हणून गप्प राहणे परवडणारे नाही.

पुस्तकाने काय साधते?

बाळाशी बोलणे हे मुख्य; मग पुस्तक कशासाठी? दिवसभराच्या कामात आपले बोलणे बहुधा 'ये, बस, खा, नको' एवढ्यावर आटोपते. पुस्तकातील चित्र पाहताना मात्र हत्ती, होडी, डोंगर, पाऊस असे शब्द सहज येतात. शिवाय आई आणि बाळ यांची नजर एकाच वेळी एकाच वस्तूवर खिळते. समोर दिसणारी वस्तू आणि त्याच क्षणी कानी पडणारा शब्द यांची गाठ मनात पक्की बसते. तिसरी गोष्ट म्हणजे मांडी. ओळखीच्या आवाजात, उबदार मांडीवर बसून पाहिलेली वस्तू बाळाला प्रिय होते. पुढे शाळेत जे पुस्तक समोर येईल ते या मांडीची आठवण घेऊन यावे, हाच या खटाटोपाचा हेतू होय. लवकर वाचावयास शिकविणे हा नव्हे.

वयानुसार पद्धत

पहिल्या तीन महिन्यांत बाळाला सुमारे २० ते ३० सेंटीमीटर अंतरावरचे, म्हणजे मांडीवरून आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचे, बऱ्यापैकी दिसते. या काळात चेहरा हेच त्याचे पुस्तक. पाळणा, बडबडगीत, ओवी यांचा ताल पुरेसा आहे. पांढऱ्यावर काळ्या रंगातील ठळक आकृतीही ते टक लावून पाहते.

चार ते सहा महिन्यांत हात पुढे येतो आणि पुस्तक थेट तोंडात जाते. ही नासधूस नव्हे. त्या वयाची ती पाहण्याचीच रीत आहे. म्हणून जाड पुठ्ठ्याचे किंवा कापडाचे, पुसता वा धुता येणारे पुस्तक द्यावे. वर्तमानपत्र चघळू देऊ नये.

सात ते बारा महिन्यांत बाळ मांडीवर बसते, चित्रावर थापट्या मारते, एकदम चार पाने उलटते. उलटू द्यावीत. वर्षाच्या सुमारास ते बोट दाखवू लागते. हा क्षण फार मोलाचा. बोट ज्यावर आहे त्याचे नाव घ्यावे आणि थोडे थांबावे. बाळाचा हुंकार हे त्याचे उत्तर असते.

एक ते दोन वर्षांचे मूल तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागते. मोठ्यांना कंटाळा येतो. मुलाला मात्र पुढे काय येणार हे आधी ठाऊक असण्याचा आनंद होत असतो. ओळखीच्या वाक्याचा शेवटचा शब्द त्याच्यासाठी सोडावा.

दोन वर्षांनंतर छोटी गोष्ट रुचू लागते. शेणाच्या आणि मेणाच्या घरांची आपली गोष्ट यासाठी उत्तम. ही गोष्ट तेराव्या शतकातील लीळाचरित्रातही आढळते. ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी हा ग्रंथ सिद्ध केला, ते अमरावती जिल्ह्यात आहे. इतक्या पिढ्यांनी ऐकलेली गोष्ट आपल्या अंगणात थांबू नये.

बैठक दोन-तीन मिनिटांची असली तरी चालते. बाळाने मान फिरविली, की पुस्तक मिटावे. सक्ती झाली, की सारे मुसळ केरात. आणि भ्रमणध्वनीवरची चित्रफीत म्हणजे पुस्तक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसविणे इष्ट नाही. बसल्या वेळी मोठ्यांनी त्यांना वाचून दाखवावे, गोष्ट सांगावी, असे त्यात सुचविले आहे.

आईला वाचता येत नसेल तर?

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी नागपूर जिल्ह्यातील एका गावात पाहिलेला प्रसंग येथे सांगावासा वाटतो. अंगणवाडीत एका आजीच्या हाती चित्रांचे पुस्तक दिले, तेव्हा तिने ते डोक्याला लावून परत केले. 'मला कुठं वाचता येते जी,' ती म्हणाली. तिची दहा महिन्यांची नात मात्र चित्रातल्या गाईकडे झेपावत होती. आजीला विचारले, 'ही गाय कोणाची?' क्षणभर थांबून ती म्हणाली, 'आमची कपिली अशीच होती.' मग कपिली कोणते धान्य चोरून खायची, कोणाला शिंगावर घ्यायची, हे सारे निघाले. नात आजीच्या तोंडाकडे आणि पुस्तकाकडे आळीपाळीने पाहत होती. पानावर छापलेली एकही ओळ वाचली गेली नव्हती. पण वाचन झाले नाही, असे कोण म्हणेल?

घरी बोलली जाते तीच बोली वापरावी, हेही यावरून ध्यानात येईल. नागपूर जिल्ह्यात वऱ्हाडी वळणाच्या मराठीबरोबर हिंदी बोलणारी घरे आहेत, हलबी आहे. रामटेक तालुक्यात देवलापारकडे गोंडी आहे. छापील मजकूर प्रमाण मराठीत असला, तरी चित्राची गोष्ट गोंडीत सांगण्यास कोणतीच हरकत नाही. ज्या भाषेत आई हसते, त्या भाषेत बाळ शिकते.

घरी शिवलेले पुस्तक

विकतचे पुस्तक नसले तरी अडत नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद किंवा सुती लुगड्याचे सहा-आठ तुकडे घ्यावेत. कागदावर दिनदर्शिकेतील ठळक चित्रे खळीने चिकटवावीत. कापडावर रंगीत दोऱ्याने पान, मासा, चांदणी अशा आकृत्या काढाव्यात. एका पानावर एकच चित्र असावे. घरातील माणसांची छायाचित्रे लावली, तर बाळाचा आनंद विचारू नये. पाने जाड दोऱ्याने शिवावीत. टाचण्या, मणी, टिकल्या, सुटे होईल असे काहीही वापरू नये. गोधडी शिवणाऱ्या हातांना हे काम मुळीच अवघड नाही.

कपाटातली पुस्तके

आता थोडे कार्यालयीन बाजूविषयी. एका अंगणवाडीत चित्रमय पुस्तकांचा संच पाहावयास मिळाला. तो कोरा होता, कारण तो कपाटात कुलूपबंद होता. 'पुस्तक फाटले तर नोंदवहीत काय दाखवू?' हा तेथील सेविकेचा प्रश्न होता. या प्रश्नात तिचा दोष नाही. लाकडी खुर्ची आणि बाळाचे पुस्तक यांना एकाच मापाने मोजणाऱ्या आपल्या सवयीचा तो दोष आहे. बाळाचे पुस्तक हे पोषण आहारासारखे वापरून संपण्यासाठीच असते. वर्षअखेर कोरे राहिलेले पुस्तक हीच खरी हानी होय. तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी 'किती पुस्तके शिल्लक आहेत?' याऐवजी 'किती पुस्तके हाताळून जीर्ण झाली?' असे विचारले, तर पुष्कळ कुलुपे आपोआप उघडतील.

मुलाकडे शाळेने जावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. काही वर्षे अमरावतीस वास्तव्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाचे कार्य सुरू केले. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी बालवाडी आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेली. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, हा त्यांचा दंडक होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर पोचविली. केंद्र शासनाने २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी 'नवचेतना' हा आराखडा प्रसिद्ध केला असून त्यात घरोघरी करावयाच्या खेळ-संवादावर भर आहे. पुस्तकाने आता आणखी एक पाऊल पुढे, मांडीपर्यंत, जावयाचे आहे.

परदेशांत यासाठी एक सोपी वाट शोधली गेली. अमेरिकेत १९८९ मध्ये बोस्टन येथील रुग्णालयातील डॉक्टरांनी तपासणीस येणाऱ्या बालकांना पुस्तके देण्यास प्रारंभ केला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १९९२ मध्ये ३०० कुटुंबांपासून असाच उपक्रम सुरू झाला. आपल्याकडेही बाळ दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे असताना, पुढे नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दीड वर्षाच्या सुमारास लसीकरणासाठी येते. लस टोचल्यानंतर माता व बाळ काही वेळ केंद्रातच थांबतात. तेवढ्या वेळात सेविकेने एक पुस्तक उघडून दाखविले आणि एक घरी नेण्यास दिले, तर वेगळी यंत्रणा उभारण्याचे कारण नाही.

ग्रामपंचायतीस आपल्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. त्यातून दरवर्षी पंधरा-वीस पुठ्ठ्याची पुस्तके घेणे अशक्य नाही. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाच्या आधारे गावोगाव उभ्या राहिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी एक सतरंजी आणि एक खालचा कप्पा लहानग्यांसाठी राखावा. शिक्षकांनी चौथी-पाचवीच्या विद्यार्थ्यांना धाकट्या भावंडांस गोष्ट वाचून दाखविण्याचा गृहपाठ द्यावा. यात मोठ्या मुलाचे वाचन सुधारते आणि निरक्षर आईच्या घरातही छापील शब्द ऐकू येतो.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आपण बाळाच्या हाती लाकडाचा बैल देतो. त्याच दिवशी बोजाऱ्यात एक छोटे पुस्तकही द्यावयास काय हरकत आहे? बाळ ते चघळेल, आपटेल, उलटे धरील, एखादे पान फाडील. फाडू द्यावे. ते पान शिवून देण्यासाठी सुईदोरा आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.