मातृभाषेच्या आधारे इंग्रजी व्याकरण

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने इंग्रजीचा प्रश्न हा केवळ एका विषयाचा प्रश्न नाही. निजामी राजवटीत येथील उच्च शिक्षणावर उर्दूचा प्रभाव होता; 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमच उर्दू होते. 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात महाविद्यालय सुरू केले. छावणीच्या परिसरात आरंभ झालेले हेच पुढील काळातील मिलिंद महाविद्यालय होय. घरात प्रथमच पाटी-पुस्तक आलेली अनेक मुले तेथे दाखल झाली. पदवीच्या वाटेवरील त्यांची मोठी अडचण इंग्रजी ही होती. सन 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तथापि व्याकरणाची भीती पुरती गेलेली नाही.

ही भीती बव्हंशी अध्यापनाच्या पद्धतीतून निर्माण होते. नियम आधी, उदाहरण नंतर आणि प्रत्यक्ष बोलणे कधीच नाही, असा क्रम असला की मूल व्याख्या पाठ करते, पण वाक्य करू शकत नाही. वस्तुतः प्रत्येक मूल मराठीचे व्याकरण नकळत आत्मसात करूनच शाळेत येते. ते ज्ञान हेच शिक्षकाचे खरे भांडवल होय.

चुका कोठे होतात?

मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते: ‘मुलगा आंबा खातो.’ इंग्रजीत ते कर्त्यानंतर लगेच येते: ‘द बॉय ईट्स अ मँगो.’ फळ्यावर ही दोन वाक्ये एकाखाली एक लिहिली, तर शब्दांची बदललेली जागा मुलांना स्वतःच दिसते.

दुसरी अडचण शब्दयोगी अव्ययांची. ‘सोमवारी’ आणि ‘सकाळी’ या दोन्ही शब्दांना मराठीत एकच ‘ई’ पुरतो. इंग्रजीत मात्र ‘ऑन मंडे’ आणि ‘इन द मॉर्निंग’ असा भेद करावा लागतो, आणि तो शब्द नामाच्या आधी येतो. म्हणूनच ‘इन मंडे’ ही चूक आळसाची नसून मराठीच्या सवयीची असते.

तिसरी अडचण प्रश्नरचनेची. ‘तू शाळेत जातोस’ या वाक्याला शेवटी ‘का’ जोडला की मराठीत प्रश्न तयार होतो. इंग्रजीत आरंभी ‘डू’ आणावा लागतो. ‘अ’ आणि ‘द’ यांचेही तसेच. ‘काल दारात एक कुत्रा आला. तो कुत्रा भुंकू लागला,’ या वाक्यांतील ‘एक’ आणि ‘तो’ दाखविले, की प्रथम उल्लेखास ‘अ’ आणि परिचित वस्तूस ‘द’ हे सूत्र व्याख्येवाचून उमगते.

वर्गातील कार्य

याकरिता महागड्या साधनांची आवश्यकता नाही. छावणीतील गुरुवारचा आठवडी बाजार हाच उत्तम पाठ ठरू शकतो. एका मुलाने विक्रेता व्हावे, दुसऱ्याने ग्राहक. भाव विचारताना प्रश्नरचना, कालची खरेदी सांगताना भूतकाळ आणि उद्याचा बेत सांगताना भविष्यकाळ यांचा सराव होतो. नियम त्यानंतर, मुलांच्याच वाक्यांतून काढावा. चूक झाल्यास बोलणे मध्येच तोडू नये. वाक्य पूर्ण झाल्यावर शुद्ध रूप म्हणून दाखवावे. हसण्याच्या भयाने गप्प झालेले मूल पुन्हा सहजासहजी बोलत नाही.

मराठीचा आधार म्हणजे प्रत्येक वाक्याचे भाषांतर नव्हे, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. तुलना दोन मिनिटांची आणि सराव अर्ध्या तासाचा, असे प्रमाण इष्ट होय.

पंचायत सदस्यांनाही येथे कार्य आहे. शाळेस भेट देताना ‘किती नियम शिकविले?’ असे न विचारता ‘किती मुले बोलली?’ असे विचारावे. शेवटच्या बाकावरील मूल स्वतःचे एक वाक्य निर्भयपणे उच्चारील, तेव्हाच व्याकरण शिकविले गेले असे म्हणता येईल.