लेणी पाहायला जाताना बाटली भरून न्या, रिकामी करून आणा



फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सहाला नवी पेठेतून आमची गाडी निघाली. बावीस बाया, त्यातल्या निम्म्या विडी वळणाऱ्या. सकाळी धाराशिवची लेणी आणि दुपारनंतर येडशीच्या रामलिंग घाटाचे जंगल, असा बेत होता. प्रत्येकीला एक लिटरची बाटली आणायला सांगितले होते आणि सगळ्यांनी ती आणलीही.

ही लेणी धाराशिव शहरापासून आठेक किलोमीटरवर, बालाघाटच्या डोंगरात आहेत. दुसऱ्या क्रमांकाचे लेणे सर्वांत मोठे: मधोमध खांबांचा मंडप, भोवती राहण्याच्या खोल्या. ती मुळात बौद्धांची होती व पुढे जैनांकडे गेली, की पहिल्यापासून जैनांची, यावर अभ्यासकांत वाद आहे. खोल्यांपाशी उभे राहून आम्ही भिक्खूंच्या आठ वस्तूंविषयी बोललो. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि आठवी वस्तू म्हणजे पाणी गाळायचे कापड. एवढ्या थोडक्या सामानातही पाण्याची सोय होती.

हे बोलून बाहेर पडलो आणि दहा-पंधरा मिनिटांतच आमच्यातल्या पन्नाशीच्या एक मावशी उन्हात चक्कर येऊन पडल्या. कोणी चप्पल हुंगवायला काढली, कोणी डब्यात कांदा शोधू लागली. यातले काहीच करायचे नसते. आम्ही त्यांना सावलीत आडवे केले, पाय पिशवीवर उंच ठेवले, कपडे सैल केले. मिनिटभरात शुद्ध आली. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. नंतर घोट घोट साखर-मिठाचे पाणी दिले. (एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.)

मावशींची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. का नाही प्यायलात, विचारले तर म्हणाल्या, "वाटेत जायला लागलं तर कुठं जाऊ, ताई?" मग आम्ही सगळ्यांच्या बाटल्या पाहिल्या. बहुतेक तशाच भरलेल्या.

चूक आमची होती. पाणी आणा म्हणालो, पण लघवीला कुठे थांबणार हे सांगितले नाही. इतकी वर्षे नर्सिंग केलेल्या बाईला हे सुचू नये, याची लाज वाटली.

पाणी न पिणे आणि लघवी दाबून धरणे ही बायकांची जुनी सवय आहे. कारखाना, शेत, लग्न, मोर्चा, सगळीकडे तेच. बाईचा मूत्रमार्ग आखूड असल्याने जंतू लवकर वर चढतात. लघवी वेळच्या वेळी झाली तर ते धुऊन निघतात. जळजळ, थेंब थेंब लघवी, ओटीपोटात दुखणे ही सुरुवात. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखू लागले, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. गरोदर बाईने तर जळजळीवरच जावे. लघवी गडद पिवळी झाली की शरीर पाणी मागते आहे असे समजा. उन्हात चालताना तासाला एखादा पेला प्यावाच. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

१९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना शिवीगाळ केली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९२७ ला महाडचे तळे होऊन गेले होते, तरी ही गत. ही हकीकत आम्ही परतीच्या गाडीत सांगितली. मावशी बराच वेळ गप्प होत्या.

आता आम्ही निघण्याआधी थांबे ठरवतो: कुठले एसटी स्टँड, कुठला पेट्रोल पंप. गाडीत दोन जुनी लुगडी आणि सेफ्टी पिना असतात, आडोसा करायला. दर दीड तासाने एकजण मोठ्याने विचारते. कोणीच आधी उठत नाही, म्हणून विचारणारीनेच आधी उतरायचे.

साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर जेवणार नसाल, तर गोळीचे काय करायचे ते आधी डॉक्टरांना विचारा. चालताना घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला की लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या.

लेण्यात मेणबत्ती-अगरबत्ती लावायचा आग्रह धरू नका. वर आग्या मोहोळ असते आणि धुराने ते उठते. वंदना धुराविना होते. माश्या अंगावर आल्या तर हात न झाडता पदराने तोंड झाकून गाडीकडे पळा. नंतर श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर घरी थांबू नका.

येडशीला पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. १९९७ साली अभयारण्य जाहीर झालेले हे पानझडीचे जंगल. पळस नुकता फुलत होता. पाचोळ्यातून चालताना बूट घाला, काठी आपटत चला. साप चावलाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे नको. चावलेला हात किंवा पाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालयात न्या. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.