मानेतली वात आणि मोज्यातला चेंडू

परवा फोनवर तू दोनदा "थांब हं आत्या" म्हणालीस आणि दोन्ही वेळा मला मान मोडल्याचा कटकन आवाज आला. डावं कानशील ठणकतं, डोळे तपासून झाले, नंबर तोच, गोळी घेतली की दुपारपर्यंत बरं... तू डोक्याचं सांगत होतीस, मी तुझ्या खांद्याचं ऐकत होते. एकतीस वर्षं फिजिओथेरपीत लोकांची अंगं चाचपण्यात गेली. आता लग्नाच्या पंगतीतही मला वाढणाऱ्याचा वर चढलेला खांदा आधी दिसतो.

हे वाचता वाचताच कर. उजवा हात डाव्या खांद्यावर टाक. मान आणि खांद्याचं टोक यांच्यामधला मांसल भाग चिमटीत उचल, कणकेचा उंडा उचलावा तसा, आणि बोटांत हलकेच फिरव. आत समईच्या वातीसारखं काहीतरी ताठ लागेल. त्या वातीवरून बोट सरकवत गेलीस की एका ठिकाणी मुगाएवढी जागा अशी सापडेल की तोंडातून "आई गं" निघालंच पाहिजे. तिथे दाबून धर आणि दहापर्यंत मोज. तुझा ओळखीचा ठणका मानेवरून कानामागून कानशिलाशी जाऊन पोचला, तर दुखण्याचं घर सापडलं. डोकं बिचारं शेजारी, नुसतं बोंबलतंय.

याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. अमेरिकेतल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी उभी हयात यात घालवली. अध्यक्ष केनेडींच्या पाठीवर उपचार करणाऱ्या याच. १९६१ साली त्या त्यांच्या खाजगी डॉक्टर झाल्या. केनेडींची डुलती खुर्ची तू फोटोत पाहिली असशील, ती यांच्याच सांगण्यावरून आली. पुढे १९८३ साली डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत त्यांनी जो ग्रंथ काढला, त्यात कुठल्या स्नायूची कळ कुठे उमटते याची चित्रंच आहेत. त्याच्याही आधी, १९३८च्या सुमारास, केल्ग्रेन नावाच्या डॉक्टरांनी लंडनमध्ये माणसांच्या स्नायूंत खारं पाणी टोचून पाहिलं होतं. टोचलं एकीकडे, दुखलं दुसरीकडे.

ही गाठ म्हणजे नेमकं काय, यावर मात्र डॉक्टरांत अजून जुंपलेली असते. कुणी म्हणतं तेवढा स्नायू आखडून बसतो आणि तिथे रक्त कमी पोचतं. कुणी म्हणतं गाठबीठ काही नाही, मज्जासंस्थाच हळवी झालेली असते. एकाच रुग्णाला दोघांनी तपासलं तर गाठ एकाच जागी सापडेल असंही नाही. मला विचारशील तर जुन्या दुखण्यात दोन्ही असतं. एकदा चोरी झालेल्या घरात मग उंदराच्या खुडबुडीनेही सगळे दचकून जागे होतात ना, तसं शरीर होतं. चोर कधीच गेलेला असतो. म्हणून जास्त दुखतंय म्हणजे आत जास्त मोडलंय, असं समजून घाबरू नकोस. एमआरआयमधल्या फुगलेल्या चकत्यांचंही तेच. अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी पाठींत त्या दिसतात.

एक बाई आठवतात. खांदा पुढून दुखायचा, पाठीमागे ब्लाउजचं हूक लावता येईना. सहा महिने खांद्याच्या पुढच्या बाजूला बाम चोळून कातडी काळवंडली होती. गाठ होती मागे, खांद्याच्या फऱ्यावर. तिथे बोट ठेवलं तशा त्या माझ्यावर ओरडल्याच, "अहो, पुढे कळ गेली!" तसंच टाचेचं: सकाळी टाच टेकवत नसेल तर एकदा पोटरीही चाचपावी. आणि पँटच्या मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून गाडी चालवणाऱ्या पुरुषांना 'सायटिका'चं निदान घरीच झालेलं असतं. मी आधी पाकीट काढायला लावायची.

आता उपाय. सोबतच्या पार्सलमध्ये लांब मोज्यात घातलेला टेनिसचा चेंडू आहे. मोजा खांद्यावरून मागे सोड, चेंडू फऱ्याच्या मांसावर आण आणि भिंतीला टेक. मणक्याच्या हाडावर नाही, मानेच्या पुढच्या बाजूला तर कधीच नाही. गुडघे किंचित वाकवून हलकेच भार दे. दहापैकी पाच-सहाच दुखलं पाहिजे, गोड दुखणं म्हणतो ना आपण, ते. श्वास अडला की समज, जोर जास्त झाला. अर्धा-एक मिनिट, मग शेक आणि हात-मान सावकाश सगळीकडे फिरवणं. दिवसातून दोनदा पुरे. दुसऱ्या दिवशी अंग ठेचल्यासारखं वाटलं तर निम्मा जोर कर. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची पद्धत होती. तुझ्या पणजीने खाल्ली होती आणि पुढे आठ दिवस ती कुशीवर वळली नव्हती.

पण नुसतं दाबून गाठ पुन्हा येणारच, कारण तू लॅपटॉप मांडीवर घेतेस आणि फोन कान-खांद्यात धरतेस. स्क्रीन डोळ्यांसमोर आण, खालची पुस्तकं कुठलीही चालतील. अर्ध्या तासाने उठून पाणी पी. पर्स एकाच खांद्याला नको. महिनाभरात फरक नसेल तर रक्त तपास: बी-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, थायरॉइड. त्यात काही कमी-जास्त असेल तर गाठी हटता हटत नाहीत.

आणि काही दुखण्यांशी चेंडू खेळायचा नाही. छातीतून डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, हातापायाची ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, सुजलेली गरम पोटरी, आयुष्यात कधी झाली नाही अशी अचानक डोकेदुखी, ताप किंवा घटतं वजन. यातलं काही असेल तर मला फोन करत बसू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ.

मोजा आतोबांचा आहे, धुतलेला. दुसरा ते कालपासून शोधताहेत, तेव्हा फोनवर विषय काढू नकोस.